अस्सल कोठे आहे?

छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवर सकाळी अकराच्या सुमारास घटकाभर उभे राहावे, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले, कडांशी विरलेले आणि मधल्या घडीवर चिकटपट्टीने सांधलेले कागद छातीशी धरून न्यायालयाच्या फाटकाकडे चाललेली माणसे हटकून दृष्टीस पडतात. कोणाच्या पिशवीत आजोबांचे खरेदीखत असते, कोणाच्या पिशवीत निजामाच्या अमदानीतली मुंतखब असते, कोणाजवळ उर्दूतली जुनी पावती असते. आणि पुष्कळदा यांपैकी काहीच नसून, ज्याचे अक्षर पुसट होत होत केवळ राखाडी डाग उरला आहे असे झेरॉक्सचे झेरॉक्स असते. वकीलसाहेब ते चाळतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "काका, याचं ओरिजिनल कुठंय?" काकांच्या आजोबांना हाच प्रश्न कोण्या मुनसफाच्या कचेरीत 'अस्सल' या शब्दाने विचारला गेला असेल. शब्द पालटला, प्रश्न पालटलेला नाही.

या प्रश्नाने पक्षकार बहुधा दुखावतो. तीन पिढ्यांची वहिवाट साऱ्या गावाला ठाऊक असता, बांधावरचे झाड कोणी लावले हेही शेजाऱ्याला पाठ असता, एका कागदाच्या मूळ प्रतीवाचून आपले म्हणणे लटके ठरावे, यात त्याला कायद्याचा कोरडा तांत्रिकपणा आणि स्वतःच्या सचोटीविषयीचा संशय दिसतो. परंतु कायद्याच्या मनात तो संशय नसतो. न्यायालयात साक्षीदाराने जे स्वतः पाहिले तेच सांगावे, दुसऱ्याने सांगितलेले सांगू नये, हा नियम सर्वांना पटतो. सांगोवांगीच्या गोष्टीवर कोणाचे घर जाऊ नये, असे आपण सारेच म्हणतो. कागद हाही एक साक्षीदारच आहे, आणि नक्कल म्हणजे त्या साक्षीदाराने काय सांगितले याची सांगोवांगी होय. म्हणून न्यायालय प्रथम त्या मूळ साक्षीदारालाच पुकारते. तो येऊ शकत नसेल तर का येऊ शकत नाही हे विचारते. आणि त्या उत्तराने समाधान झाले, तरच त्याच्या वतीने बोलणाऱ्या नकलेला उभे राहू देते. कागदोपत्री पुराव्याचा अवघा कायदा या तीन पायऱ्यांत सामावलेला आहे.

हा विचार केवळ इंग्रजांनी आणला असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन प्रमाणे सांगितली, आणि त्यांच्या अभावी दिव्याचा मार्ग ठेवला. लेख परदेशी राहिला, अक्षर वाचेनासे झाले, तो नष्ट झाला, पुसला गेला, चोरीस गेला, फाटला, जळाला किंवा तुटला, तर दुसरा लेख करवून घ्यावा, असेही त्या स्मृतीत स्पष्ट सांगितले आहे. ज्यांनी आजच्या कायद्यातील दुय्यम पुराव्याची कलमे वाचली असतील त्यांना ही यादी वाचताना क्षणभर नवल वाटेल. कारण मूळ दस्त हरवला, नष्ट झाला अथवा न्यायालयाच्या आवाक्याबाहेर गेला तर काय करावे, हाच पेच शतकांच्या अंतराने त्याच शब्दांत पुन्हा मांडलेला तेथे आढळतो. दानाचा लेख ताम्रपटावर कोरून ठेवण्यामागेही हीच दृष्टी होती: अग्नी, वाळवी आणि वारसांचा निष्काळजीपणा या तिहींना अस्सलाने पुरून उरावे.

इंग्लंडातील न्यायालयांनी याच विचाराला 'सर्वोत्तम पुराव्याचा नियम' असे रूप दिले. प्रकरणाच्या स्वरूपाला शक्य असेल तेवढा उत्तमोत्तम पुरावा द्यावा, हे त्या नियमाचे सूत्र लॉर्ड हार्डविक यांनी १७४४ साली ज्या खटल्यात उच्चारले, तो खटला कलकत्त्याच्या एका हिंदू व्यापाऱ्याचा होता आणि आपल्या धर्माप्रमाणे शपथ घेणाऱ्या हिंदू साक्षीदारांची जबानी ग्राह्य मानावी की नाही, हा त्यातला वाद होता. पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा १८७२ साली अमलात आला. निजामाच्या मुलखात मात्र त्या राज्याचे स्वतंत्र कायदे चालत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५१ साली हा कायदा मराठवाड्यासही लागू झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली आहे. कलमांचे अंक बदलले, काही भर पडली, पण अस्सल आणि नक्कल यांच्या नात्याचा गाभा जसाच्या तसा राहिला.

अस्सलात असे काय असते, की जे नकलेत उतरत नाही? पुष्कळ काही असते. मुद्रांकाच्या मागील बाजूस मुद्रांक विक्रेत्याने लिहिलेला अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असते, आणि झेरॉक्स काढणारा नेमकी तीच बाजू विसरतो. सही करताना लेखणीचा दाब किती पडला, कोठे हात थबकला, मधल्या ओळीतला आकडा वेगळ्या शाईने भरला आहे काय, खाडाखोडीवर सही आहे काय, कागद ज्या सालचा म्हणून सांगितला जातो त्या सालचा तो दिसतो काय, या सर्व गोष्टी प्रतिपक्षाच्या वकिलाला आणि हस्ताक्षरतज्ज्ञाला विचारण्यासारख्या असतात. नक्कल या प्रश्नांपुढे मुकी राहते. सज्जनाने केलेली नक्कलही मुकीच राहते. दोष करणाऱ्याच्या नीतीत नसून नकलेच्या स्वभावात आहे.

आता 'अस्सल' हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. जमीनदाराने कुळाला पट्टा लिहून द्यावा आणि कुळाने जमीनदाराला कबुलायत लिहून द्यावी, अशी जुनी रीत होती. येथे एकाच व्यवहाराचे दोन कागद, दोन वेगळ्या हातांच्या सह्यांचे. ज्याने ज्या कागदावर सही केली त्याच्याविरुद्ध तो कागद अस्सल. दुसऱ्याविरुद्ध तोच दुय्यम. एका छापखान्यातून एकाच खेपेला हजार लग्नपत्रिका निघाल्या तर प्रत्येक पत्रिका बाकीच्या पत्रिकांतील मजकुरापुरती अस्सलच मानली जाते. पण छापखान्याला दिलेल्या हस्तलिखितात काय होते हे सिद्ध करावयाचे असेल, तर त्या हजारही नकलाच ठरतात. आणि नकलेवरून केलेली नक्कल, जर ती मूळ कागदाशी पडताळलेली नसेल, तर कायद्याच्या दारात उभीच राहू शकत नाही. जुन्या दप्तरांत या पडताळणीला रुजुवात म्हणत. रुजुवात झालेली नक्कल आणि न झालेली नक्कल यांच्यात अंतर काय, हे पेशवाईतल्या कारकुनाला जसे ठाऊक होते तसेच ते आजच्या नकला विभागातील लिपिकालाही ठाऊक असते.

अस्सलावाचून ज्याचे चालतच नाही त्याला कायदा निराधार सोडत नाही. कागद प्रतिपक्षाच्या कब्जात असेल, तर तो हजर करण्याची त्याला नोटीस द्यावी. त्याने दडपला तर नक्कल द्यावी. प्रतिपक्षाने मजकूर लेखी कबूल केला असेल, मूळ कागद हरवला अथवा नष्ट झाला असेल आणि त्यात देणाऱ्याची कसूर वा टाळाटाळ नसेल, किंवा हिशेबाच्या वह्याच इतक्या असतील की न्यायालयात त्या एकेक चाळणे अशक्य व्हावे, अशा प्रसंगी दुय्यम पुराव्याची वाट मोकळी होते. मूळ वस्तू जागची हलण्यासारखी नसेल तरीही तेच. वेरुळच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. उद्या त्यातील मजकुरावरून वाद उपस्थित झाला, तर सह्याद्रीचा कडा उचलून जालना रोडवरील खंडपीठात आणा, असे कोणताही न्यायाधीश म्हणणार नाही. पण या प्रत्येक अपवादाला एक अट आहे: वाट आपोआप उघडत नाही, ती पुराव्याने उघडावी लागते. 'हरवला' एवढे म्हणणे पुरेसे नसते. कोणाजवळ होता, शेवटचा केव्हा पाहिला, कोठे शोधला, हे शपथेवर सांगावे लागते. या पायाभरणीवाचून नुसते झेरॉक्स पुढे ठेवल्यास ते स्वीकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली आणि पुन्हा २०११ साली बजावले आहे. मूळ दस्त अपुऱ्या मुद्रांकावर लिहिलेला असेल तर संकट आणखी मोठे. मूळ हजर असेल तर कमी पडलेले मुद्रांक शुल्क आणि दंड भरून बहुधा सुटका होते, परंतु अशा दस्ताची नक्कल मात्र दंड भरूनही शुद्ध होत नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला या नियमाची धार अधिक तीव्रपणे येते, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. येथील सरकारी दप्तर आधी फारसीत आणि १९व्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चालले; गावपातळीवरचा कुळकर्णी मोडी लिहीत राहिला. इनामांची चौकशी होऊन ज्याचा हक्क कायम झाला त्याला मुंतखब मिळे. तिच्यावर आजही देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या जमिनींचे दावे उभे राहतात. तारखा फसली सनात असत, आणि त्यात ५९० मिळवले म्हणजे इसवी सन हाती लागतो. अर्थात फसली १३५० हे साधारणतः १९४०-४१ होय. ज्या मोडीत लेखणी न उचलता ओळ संपते, जिच्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो, आणि ज्या शिकस्ता वळणाच्या उर्दूत नुक्ते लिहिणाऱ्याच्या मर्जीवर पडतात, त्या लिपींतून देवनागरीत नक्कल उतरवताना एका आकड्याची चूक झाली तर दस्त दहा वर्षे मागे किंवा पुढे सरकतो. शिवाय संस्थानाची राजधानी हैदराबाद. त्यामुळे वरिष्ठ कचेऱ्यांतील कित्येक अस्सल दप्तरे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही तेथेच राहिली. गावाचे नावही स्थिर नाही: खडकी, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी जी निकड भासू लागली, तिने साऱ्या मराठवाड्याला या जुन्या प्रश्नाची आठवण करून दिली.

जुन्या कागदांविषयी कायद्याने एक सवलत ठेवली आहे. जो दस्त तीस वर्षांहून जुना आहे, आणि जेथे असावयास हवा अशा योग्य ताब्यातून जो बाहेर आला आहे, त्यावरील सही आणि अक्षर ज्याचे म्हणून दिसते त्याचेच आहे असे न्यायालय गृहीत धरू शकते; कारण तीस वर्षांनंतर सही ओळखणारा माणूस हयात असेलच, ही अपेक्षाच अन्यायाची ठरेल. पण ही सवलत अस्सलाला आहे, नकलेला नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३५ सालीच स्पष्ट केले. शिवाय ती सही-अक्षरापुरती आहे. दस्तातील मजकूर खरा आहे, एवढी मजल ती मारत नाही.

सरकारी अभिलेखाची गोष्ट वेगळी. जन्ममृत्यूची नोंदवही, न्यायालयाचा निवाडा, महसुली दप्तर, ही कचेरीतून रोज बाहेर निघू लागली तर कचेरीच उरणार नाही. म्हणून त्यांची प्रमाणित नक्कल अस्सलाच्या जागी चालते. याच नियमाच्या आधारे सामान्य माणूस एक गैरसमज करून घेतो: खरेदीखत नोंदवले म्हणजे ते सरकारी झाले, दुय्यम निबंधकाकडून नक्कल आणली की काम भागले. खरेदीखत हा दोन माणसांमधला खासगी दस्त आहे आणि नोंदणीने तो खासगीच राहतो. निबंधकाच्या दप्तरातील नकलेने मजकूर कळतो, परंतु मूळ दस्त का नाही हे सांगावे लागते, आणि लिहून देणाऱ्याने सहीच नाकारली तर ती त्याचीच आहे हे निराळे सिद्ध करावे लागते. मृत्युपत्राच्या बाबतीत तर, साक्षीदार म्हणून सह्या करणाऱ्यांपैकी एकजण जरी हयात आणि येण्याजोगा असेल, तरी त्याला पिंजऱ्यात उभे केल्यावाचून गत्यंतर नसते.

आणखी एक गैरसमज निशाणीविषयीचा. कागदावर न्यायालयाने निशाणी क्रमांक टाकला की पक्षकार घरी जाऊन 'कागद मंजूर झाला' असे सांगतो. निशाणी ही मुख्यतः ओळखीची खूण आहे. कागद सिद्ध झाला काय, आणि सिद्ध झाला तरी त्यातला मजकूर खरा काय, हे दोन प्रश्न तिच्यापुढचे असतात. उलट, 'अस्सलाऐवजी नक्कल का?' ही हरकत ज्याला घ्यावयाची असेल त्याने ती कागद पुढे येतो त्याच क्षणी घ्यावी, निकालाच्या वेळी किंवा अपिलात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. वेळीच हरकत आली असती तर समोरच्याला अस्सल शोधून आणता आले असते, हे त्यामागचे न्याय्य कारण आहे.

परंतु ज्या वस्तूचे अस्सल डोळ्यांना दिसतच नाही तिचे काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर साऱ्या भारताला देणारा खटला याच शहरात उभा राहिला, ही गोष्ट येथील वाचकांनाही फारशी ठाऊक नसावी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून शिवसेनेचे अर्जुन पंडितराव खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास कुशनराव गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. नामनिर्देशनपत्र दाखल करण्याची अखेरची वेळ २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची होती. खोतकरांची पत्रे त्यानंतर स्वीकारली गेली, असा गोरंट्यालांचा आणि एका मतदाराचा आक्षेप होता, आणि त्या आक्षेपाचा कणा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्रीकरण. न्यायालयासमोर आल्या त्या चित्रीकरणावरून तयार केलेल्या चकत्या, म्हणजे नकला. अशा नकलेसोबत ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली याचे प्रमाणपत्र जोडावे, असे पुराव्याच्या कायद्यात २००० सालापासून घातलेले कलम ६५-ब सांगत होते. अर्जदारांनी ते वारंवार मागितले, परंतु संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी २४ नोव्हेंबर २०१७ रोजी, निवडणूक अधिकाऱ्यांनी उलटतपासणीत दिलेल्या कबुलीतून प्रमाणपत्राचा हेतू पुरेसा साधला असे मानून, निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आधीच्या निवाड्यांत मतभेद असल्याने ते तीन न्यायमूर्तींच्या पीठापुढे ठेवले गेले. आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, एस. रवींद्र भट व व्ही. रामसुब्रमणियन यांनी १४ जुलै २०२० रोजी निवाडा दिला. त्या वेळेपर्यंत ती विधानसभा विसर्जित होऊन २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. जालन्याची ती जागा हा आता वादाचा विषय उरला नव्हता, पण नियम मात्र मागे राहावयाचा होता.

तो नियम असा. ज्या संगणकात, भ्रमणध्वनीत किंवा कॅमेऱ्यात नोंद प्रथम उमटली, ते उपकरणच मालकाने न्यायालयात आणून शपथेवर सिद्ध केले, तर ते अस्सल होय आणि प्रमाणपत्राची गरज नाही. ते न आणता नुसती चकती किंवा छापील प्रत दिली, तर ती नक्कल होय, आणि तिला प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तोंडी जबानी त्याची जागा घेऊ शकत नाही. येथे उच्च न्यायालयाची विचारसरणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. तरीही अपिले फेटाळलीच गेली. कारण ज्याने प्रमाणपत्रासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते देणे नव्हते, त्याला कायदा अशक्य गोष्ट करावयास लावत नाही, आणि चित्रीकरणाखेरीज इतर पुराव्यावरूनही उशीर सिद्ध होत होताच. प्रमाणपत्र मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवून घ्यावे, ही वाटही त्या निवाड्याने दाखवून दिली.

थोडक्यात, ताम्रपटाला आणि पट्ट्याला जी कसोटी होती तीच यंत्रातल्या अदृश्य अक्षरालाही लागली: अस्सल आणा, नाही तर का नाही ते सांगा, आणि नकलेला तिच्या जन्माचा दाखला जोडा. साक्ष्य अधिनियमाने हा दाखला आता दोन भागांत मागितला आहे: एक नोंद सादर करणाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात त्या नोंदीची 'हॅश' संख्या, म्हणजे एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी बदलून जाणारी आकड्या-अक्षरांची ओळख, नमूद करावयाची. शिक्कामोर्तबाचेच हे नवे रूप. 'मोर्तब सुद' हे शब्द जेथे उमटत तेथे पत्र संपले, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ असे. 'हॅश'चा अर्थ त्याहून निराळा नाही.

पिशवी घेऊन आलेल्या काकांना एवढा इतिहास नको असतो. त्यांना जमीन हवी असते. त्यांच्या कामाची गोष्ट अशी, की वकिलाचा प्रश्न हा त्यांच्या खरेपणावरचा आरोप नसून त्यांच्या कहाणीचे निमंत्रण आहे. अस्सल बहिणीकडे आहे की बँकेत तारण आहे, घराच्या वाटणीत थोरल्या भावाच्या पेटीत गेले की १९७२ च्या दुष्काळात गाव सोडताना हरवले, हे जे सांगावयाचे तेच दुय्यम पुराव्याचे पहिले पान असते. ते लपवले, किंवा लाजेने गाळले, की नक्कल पोरकी होते. आणि ज्यांच्या पेटीत अस्सल अजून आहे त्यांनी ते चकचकीत प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून शाईला, दाबाला आणि मागच्या बाजूच्या शेऱ्याला गाडून टाकू नये, चिकटपट्टीने सांधू नये. कोरड्या जागी, सपाट, घडीविना ठेवावे, आणि ते कोठे ठेवले आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवावे. तीस वर्षांनी ज्याला तो कागद घेऊन अदालत रोडवर यावे लागेल, त्याला निदान 'योग्य ताबा' म्हणजे काय हे शपथेवर सांगता येईल.